हॉट सीटची वाट

सुर्जी-अंजनगावचा तह कधी झाला, हा प्रश्न स्पर्धा परीक्षेच्या गाइडांत हमखास सापडतो. ३० डिसेंबर १८०३, शिंदे आणि इंग्रज. तलाठी भरतीपासून राज्यसेवेपर्यंतच्या पोरांना हे पाठ असतं, पण अंजनगाव नकाशावर दाखवा म्हटलं की निम्म्यांचं बोट भलतीकडे जातं. अमरावती जिल्ह्यातल्या याच अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे सप्टेंबर २०१९मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’च्या खुर्चीवर बसल्या आणि एक कोटी जिंकून उठल्या. शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणारी बाई, साडेचारशे पोरांचा स्वयंपाक, मानधन महिन्याला दीड हजार. त्यांच्यावर तेव्हा पुष्कळ लिहून झालं. म्हणून संपादक म्हणाले, त्यांच्यावर आणखी एक लेख नको. वऱ्हाडातलं महामार्गावरचं एखादं गाव घ्या आणि तिथल्या माणसाला त्या खुर्चीपर्यंत जायचं तर काय काय पार करावं लागतं तेवढं बघून या.

गाव ठरलं वडनेर भोलजी. नांदुरा तालुका, बुलढाणा जिल्हा. मुंबई-कोलकाता महामार्ग, ज्याला लोक अजून ‘सहा नंबर’ म्हणतात आणि सरकार आता ५३ म्हणतं, तो इथूनच जातो. दिवसरात्र ट्रक. रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर संध्याकाळी जमणारी पोरं पोलीस भरती, तलाठी, रेल्वे अशा कशाच्या ना कशाच्या तयारीत असलेली. सिंदखेडराजा कोणाचं जन्मस्थान, लोणारला रामसर दर्जा कोणत्या वर्षी मिळाला, असलं विचारलं तर हसतात. ते म्हणजे घरचंच.

कार्यक्रमाचा अधिकृत इतिहास थोडक्यात उरकतो. ब्रिटनमध्ये १९९८ साली ‘हू वॉन्ट्स टु बी अ मिलियनेअर?’ सुरू झाला. ३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर त्याचा हिंदी अवतार आला, अमिताभ बच्चन समोर आणि निर्मितीमागे सिद्धार्थ बसू. हेच बसू १९८५ साली दूरदर्शनवर ‘क्विझ टाइम’ घेत असत. तो इंग्रजी होता आणि कॉलेजांच्या संघांसाठी होता. त्यात उत्तर डोक्यातून काढून द्यावं लागे. नव्या खेळात चार पर्याय समोर आले, भाषा हिंदी झाली आणि संघाऐवजी एकटा माणूस बसला. हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे. चार पर्यायांतून एक निवडणं ही वडनेरच्या पोराची रोजची मेहनत आहे. तो ज्या परीक्षेला बसतो ती अशीच असते. इंग्रजी शाळांची जुनी प्रश्नमंजूषा त्याची कधीच नव्हती, हा खेळ मात्र पहिल्या दिवसापासून त्याच्या ओळखीचा निघाला. पहिला करोडपतीही अशाच तयारीतला. ऑक्टोबर २०००मध्ये जिंकलेले हर्षवर्धन नवाथे तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते आणि नागरी सेवा परीक्षेचा अभ्यास करत होते. त्यांचा शेवटचा प्रश्न संसदेच्या कामकाजात कोणाला भाग घेता येतो, असा होता. उत्तर महान्यायवादी. राज्यघटनेचं ८८वं कलम ज्यानं एकदा नीट वाचलंय त्याला हा कोटीचा प्रश्न वाटणारही नाही.

मराठीतही हा खेळ आला. २०१३ साली ई टीव्ही मराठीवर सचिन खेडेकरांनी ‘कोण होईल मराठी करोडपती’ केलं, २०१९ साली सोनी मराठीवर नागराज मंजुळेंनी ‘कोण होणार करोडपती’.

मला मात्र या सगळ्यात ओढ आहे ती खुर्चीच्या अलीकडच्या एका यंत्राची. फास्टेस्ट फिंगर फर्स्ट. दहा जण अर्धगोलात बसतात, प्रत्येकासमोर एक छोटा पडदा आणि बटणं. प्रश्न येतो, चार गोष्टी क्रमानं लावायच्या. बरोबर क्रम लावणाऱ्यांत ज्याला सर्वांत कमी वेळ लागला तो खुर्चीवर. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. ज्यांना खुर्ची मिळत नाही ते एवढ्याच अनुभवावर घरी परततात. टीव्हीवर हे सगळं डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपतं, म्हणून बघणाऱ्याला ते तोंडओळखीसारखं वाटतं. खरी चाळणी तीच.

टपरीवर मी वहीच्या कागदावर एक प्रश्न लिहिला. मुंबईकडून येताना ही स्टेशनं क्रमानं लावा: ए अकोला, बी नांदुरा, सी शेगाव, डी मलकापूर. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरची चार बटणं ए-बी-सी-डी मानायची, असं ठरलं. पॅसेंजरनं ये-जा करणाऱ्या या पोरांना हा मार्ग झोपेत विचारला तरी येईल. आणि आलाच. प्रश्न वाचून संपायच्या आत एक जण ओरडला, ‘मलकापूर, नांदुरा, शेगाव, अकोला!’ पण बोट हललं नव्हतं. मलकापूर म्हणजे डी, हे शोधायला त्याची नजर पुन्हा कागदावर गेली. नांदुऱ्यासाठी पुन्हा. शेगावला त्यानं सी दाबलं आणि मग आधीचं बी दाबलं होतं की नाही याची शंका येऊन थांबला. शेजारच्या पोरानं उत्तर तोंडातून काढलंच नव्हतं. त्यानं आधी चारही पर्यायांवरून एकदा नजर फिरवली, शेवटचं कोणतं ते पकडलं, मग सुरुवातीचं, आणि डी-बी-सी-ए असं एका दमात दाबून मोकळा झाला. दोघांनाही उत्तर सारखंच माहीत होतं. दुसऱ्यानं ते अक्षरांत आधी बदलून घेतलं आणि मग हात लावला. हे कुठं शिकलास विचारलं, तर म्हणाला, ‘भरतीच्या पेपराले ओएमआर भरतो ना सर, तशीच सवय.’ पेपर तपासणाऱ्या यंत्रानं घडवलेली बोटं इथं कामी येतात, ही गोष्ट मला कुठल्याच माहितीपत्रकात सापडली नसती.

खुर्चीवर बसल्यावर मग कौशल्य बदलतं. पहिल्या पाच प्रश्नांना पाऊण-पाऊण मिनिट, पुढच्या पाचांना एकेक मिनिट, नंतर घड्याळ बंद. बबिता ताडेंच्या पर्वातली शिडी अशी होती: पहिला प्रश्न हजार रुपयांचा, पाचवा दहा हजारांचा, दहावा ३ लाख २० हजारांचा, पंधरावा एक कोटीचा आणि त्यावर सोळावा सात कोटींचा. तिसऱ्या प्रश्नाला तीन हजार, म्हणजे त्यांचं दोन महिन्यांचं मानधन. एक कोटी म्हणजे दीड हजारानं साडेपाचशे वर्षांहून जास्त. शिडीवर दोनच पक्के टप्पे, दहा हजार आणि ३ लाख २० हजार. दहाव्या प्रश्नानंतर कधीही चुकलं की माणूस थेट तिथं येऊन आदळतो. पन्नास लाख हातात असताना कोटीचा प्रश्न चुकला, तर ४६ लाख ८० हजार गेले. बबिताताईंना कोटीसाठी विचारलं होतं, १८५७च्या उठावाची हकिगत सांगणारं ‘दास्तान-ए-गदर’ कोणी लिहिलं. जहीर देहलवी. त्यांनी ते बरोबर दिलं.

सात कोटींचा प्रश्न तर आपल्या भागाला चकवायलाच काढल्यासारखा. कोणत्या राज्याचे सर्वाधिक राज्यपाल पुढं राष्ट्रपती झाले? अंजनगाव ज्या जिल्ह्यात, त्या अमरावतीच्या एके काळच्या खासदार प्रतिभाताई पाटील. त्याआधी त्या एदलाबादच्या आमदार, म्हणजे वडनेरवरून मलकापूर ओलांडलं की येणाऱ्या आजच्या मुक्ताईनगरच्या. राष्ट्रपती होण्याआधी त्या राजस्थानच्या राज्यपाल होत्या. त्यामुळं इथल्या कोणाच्याही तोंडी पहिलं नाव राजस्थानचं येणार. उत्तर आहे बिहार: झाकिर हुसेन आणि रामनाथ कोविंद. चांगला प्रश्न काढणारा असाच वागतो. तुम्हाला काहीच माहीत नसेल तर तो तुम्हाला फसवत नाही, अर्धं माहीत असेल तेव्हा फसवतो. बबिताताई तिथं थांबल्या. कोटी हातात ठेवून खेळ सोडणं यात मला त्यांच्या बाकीच्या पंधरा उत्तरांइतकंच कसब दिसतं. घरच्या खर्चाला दीड हजार पुरवणाऱ्या माणसाला ९६ लाख ८० हजार पणाला लावायचे नाहीत हे कोणी शिकवावं लागत नाही, असं कोणी म्हणेल. पण त्या दिव्यांखाली, त्या संगीतात, समोर बच्चन बसलेले असताना भलेभले हे विसरतात.

आता अडचणी. त्या सांगायला मी अर्धं पान ठेवलं होतं, ते पुरत नाही.

नोंदणीच्या दिवसांत टीव्हीवर रोज रात्री एक प्रश्न येतो. पुढचा प्रश्न यायच्या आत एसएमएसनं किंवा ॲपवरून उत्तर द्यायचं. बरोबर उत्तर देणाऱ्यांतून संगणक नावं उचलतो. इथं ज्ञानाला किंमत फक्त चाळणीत पडण्यापुरती, पुढं नशीब. मग फोन येतो, त्यावर आणखी प्रश्न. मग ठरावीक शहरांत लेखी चाचणी आणि मुलाखत, २०२०च्या टाळेबंदीत तर सगळंच ऑनलाइन. कोल्हापूरच्या कविता चावला २०२२मध्ये कोटी जिंकल्या, त्याआधी दोन दशकं त्या प्रयत्न करत होत्या. टपरीवरचं एक पोरगं म्हणालं, ‘उत्तर येते मले, नेट येत नाही.’ त्यानं हे गमतीत म्हटलं, पण अख्खी वाट फोनवरून जाते हे खरंच आहे. बबिताताईंच्या घरात सगळ्यांत मिळून एकच मोबाइल होता. काय हवं असं विचारल्यावर त्यांनी स्वतःचा एक फोन हवा म्हटलं आणि बच्चननी तो दिला. प्रेक्षकांना ते फार गोड वाटलं. मला मात्र त्या क्षणी मोजावंसं वाटलं की अशा एका फोनच्या घरांतून किती बायांची उत्तरं बाहेरच पडली नसतील. नवरा शेतात गेला की फोन त्याच्या खिशात जातो.

जिंकल्यावर कर. अशा बक्षिसावर सरळ तीस टक्के, वर अधिभार आणि उपकर. इतर उत्पन्नाला मिळणारी सूट इथं नाही. कोटीतून एक तृतीयांशाहून थोडं जास्त जातं. टपरीवर हे सांगितल्यावर दोघातिघांनी चहाचा पेला खाली ठेवला. आणि पैसा हातात पडल्यावरचं तर वेगळंच. मोतिहारीचे सुशील कुमार २०११मध्ये पाच कोटी जिंकले. तेव्हा ते मनरेगात संगणक चालवत होते, पगार सहा हजार. पुढं त्यांनीच जाहीरपणे लिहिलं की २०१५-१६चा काळ त्यांच्या आयुष्यातला सर्वांत वाईट होता. मदत मागणारे, फसवणारे, घरातली भांडणं, दारू. त्यातून ते बाहेर आले आणि शिक्षकही झाले, पण त्यांचं ते लिखाण प्रत्येक इच्छुकानं नोंदणीआधी वाचावं असं मला वाटतं.

सर्वांत मोठा उपद्रव मात्र खेळाच्या बाहेरचा आहे. व्हॉट्सॲपवर बच्चनचा फोटो, खाली बँकेचा शिक्का, सोबत गोड हिंदीत रेकॉर्ड केलेला आवाज: तुमच्या नंबरला केबीसीची पंचवीस लाखांची लॉटरी लागली. नंबर बरेचदा ९२नं सुरू होणारा, म्हणजे पाकिस्तानचा कोड. मग ‘कर आधी भरा’, ‘फाइल चार्ज भरा’ म्हणत हजारांनी पैसे काढतात. खऱ्या कार्यक्रमात रोख बक्षिसावरचा कर देणाराच कापून घेतो, जिंकणाऱ्याकडून आधी मागत नाही. शिवाय तिथं लॉटरी नसतेच, काही मिळायचं तर आधी उत्तरं द्यावी लागतात. एवढं माहीत असलं तरी पुरे, पण ज्यांना लुबाडतात ते टपरीवर बसणारे नसतात, घरी असतात.

ओएमआरवाला पोरगा या वेळी नोंदणी करणार आहे. घरच्या जुन्या फोनचा नंबर देणार, कारण त्याच्या स्वतःच्या सिमचा रिचार्ज कधी संपेल याचा भरवसा नाही. तो फोन दिवसभर आईजवळ असतो. गेल्या वर्षी पंचवीस लाखांचा तो आवाज त्यावरच आला होता, तेव्हापासून त्यानं आईला बजावून ठेवलंय की अनोळखी नंबर उचलायचा नाही. निवड झाली तर केबीसीचा फोनही अनोळखी नंबरावरूनच येणार. नोंदणीच्या दिवसांपुरतं तरी आईला उचल म्हणून सांगायचं की नाही, यावर त्याचं अजून ठरलेलं नाही.