भाड्याची गाडी ठरवताना

देवरीहून डोंगरगडला बम्लेश्वरीच्या दर्शनाला निघायचं, की डबा, पाणी, मुलांचे कपडे सगळं आपण आठवणीनं घेतो. गाडीचे कागद मात्र कुणी विचारत नाही! मैत्रिणींनो, आधी नंबरपाटी पाहा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं असली, तर ती भाड्याची टॅक्सी. पांढरी पाटी खासगी गाडीची. ती भाड्यानं नेली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. शे-दोनशे वाचवायला केवढा हा धोका! विम्याची मुदत संपली नाही ना, त्यात प्रवासी धरलेत ना, परवाना छत्तीसगडात चालतो ना, हे निघण्यापूर्वीच विचारा. गाडी स्वतः चालवायला घेतलीत, तर नुकसान झाल्यास आपल्या पदरचे किती जातील, तेही लिहून घ्या. विचारायला संकोच कसला?