शुक्रवारची मॅच, शनिवारचा डान्स

सप्टेंबर सरत आला की कॅलिफोर्नियात नव्याने स्थिरावणाऱ्या मराठी आईबाबांची थोडी तारांबळ उडते. नववीतली मुलगी सोमवारी पायजम्यातच शाळेला निघते, मंगळवारी मैत्रिणीच्या जोडीचा टी-शर्ट घालते, शुक्रवारी गालांवर शाळेचे रंग लावून जाते आणि शनिवारच्या डान्सचं तिकीट आधीच काढायला लावते. हा होमकमिंगचा ‘स्पिरिट वीक’. बाहेरून तो नुसता धिंगाणा वाटतो. पण त्यामागचं बरंचसं काम सोळा-सतरा वर्षांची मुलं करतात, आणि ते काम मला त्या नाचगाण्याहून मोलाचं वाटतं.

होमकमिंगची चाल विद्यापीठांकडून आली. माजी विद्यार्थ्यांनी एका सामन्यासाठी परत यावं, असं आवतण मिझुरी विद्यापीठाचे क्रीडाप्रमुख चेस्टर ब्रूअर यांनी १९११ साली दिलं. पहिला मान आपला, असं बेलर आणि इलिनॉय ही विद्यापीठंही सांगतात. हायस्कुलांत येता येता माजी विद्यार्थी मागे पडले. फुटबॉलची मॅच, तिच्या आधीचा आठवडा आणि नंतरचा डान्स हे पुढे आलं.

इथल्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे नववी ते बारावीत, विद्यार्थ्यांची एक संघटना असते. नाव असोसिएटेड स्टुडंट बॉडी, बोलताना सगळे ‘एएसबी’ म्हणतात. तिची निवडणूक साधारण आदल्या वर्षाच्या शेवटी होते. निवडून आलेल्यांना बहुतेक शाळांत वेळापत्रकातच ‘लीडरशिप’चा तास मिळतो. रॅली, डान्स, सजावट, क्लब अशा समित्या त्या तासाला बसतात आणि एक शिक्षक त्यांच्याबरोबर असतो.

माझ्या मते सगळ्यात अवघड पद खजिनदाराचं. डान्सचा हॉल, सजावट, डीजे हे सगळं मुलांनी उभ्या केलेल्या पैशातून होतं आणि त्या पैशाला कायद्याचा पहारा असतो. समजा, अकरावीच्या मुलांना कॉरिडॉर सजवायला कागदाचे रोल आणि रंग हवे आहेत. आधी बैठकीत ठराव येतो. तो कोणी मांडला, अनुमोदन कोणी दिलं, मतं किती पडली, हे सचिव इतिवृत्तात लिहितो. मग खर्चाची मागणी पुढे जाते. राज्याच्या शिक्षण संहितेचं कलम ४८९३३ सांगतं की विद्यार्थ्यांच्या निधीतून पैसा जाण्यापूर्वी, प्रत्येक वेळी, तिघांची मंजुरी हवी: स्कूल डिस्ट्रिक्टने नेमलेला अधिकारी, मार्गदर्शक शिक्षक आणि विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी. म्हणजे त्या मुलाची संमती नसेल तर मोठ्यांनाही परस्पर खर्च करता येत नाही. उत्साहाच्या भरात कोणी आधी रंग आणले आणि मागून पावती पुढे केली, तर ते पैसे परत मिळतीलच असं नाही. गणेशोत्सवाच्या मंडळात वर्गणीचा हिशेब ठेवता ठेवता आपल्याकडे कित्येक जण कारभार शिकले, तसंच हे शिक्षण आहे.

तिकीटविक्रीतही तीच शिस्त. रोलवरच्या तिकिटांना अनुक्रमांक असतात. विक्रीला बसताना पहिल्या तिकिटाचा नंबर लिहायचा, उठताना रोलवर पुढे असलेल्या तिकिटाचा. वजाबाकीला दराने गुणलं की पेटीत किती रक्कम असायला हवी ते कळतं, आणि ती दोघांनी मिळून मोजायची. केक विकून पैसे उभे करणं मात्र आता तितकं सोपं नाही. २०१४पासून शाळेच्या वेळेत मुलांना विकल्या जाणाऱ्या खाण्यातल्या साखर, मीठ, कॅलरींवर केंद्र सरकारची मर्यादा आहे, आणि ही वेळ मध्यरात्रीपासून शाळा सुटल्यानंतरच्या अर्ध्या तासापर्यंत धरतात.

शुक्रवारी जिममध्ये पेप रॅली होते. त्यासाठी त्या दिवशीचा प्रत्येक तास काही मिनिटांनी कापलेला असतो. चारही इयत्ता आपापल्या बाजूला बसतात, ड्रम वाजतात, चिअरलीडर येतात, इयत्तांमधल्या आठवडाभराच्या चुरशीचे गुण जाहीर होतात. हा गजर सगळ्यांना सोसत नाही, म्हणून अनेक शाळा लायब्ररीत शांत बसण्याची मुभा देतात. ती सगळ्यांनीच द्यायला हवी. मुलं मतं देऊन होमकमिंगचे राजा-राणी निवडतात, त्याबद्दलही मला तसंच ठाम वाटतं: लोकप्रियता मतांनी मोजून काही मुलांच्या हाती निराशाच येते. काही शाळांनी मुलगा-मुलगी हा भेद काढून ही निवड थोडी मोकळी केली आहे.

डान्सला जोडीदार लागतोच असं नाही. पुष्कळ मुली घोळक्याने जातात. दुसऱ्या शाळेतला पाहुणा आणायचा तर आधी फॉर्म भरावा लागतो, आणि एकदा बाहेर पडलं की सहसा परत आत घेत नाहीत.

ज्यांना यातलं काहीच भावत नाही, त्यांच्यासाठी क्लब असतात, आणि त्यांच्यामागे १९८४चा इक्वल ॲक्सेस ॲक्ट उभा आहे. केंद्राचं अनुदान घेणाऱ्या सरकारी हायस्कुलाने अभ्यासक्रमाबाहेरच्या एका क्लबला जरी जागा दिली, तरी धर्म, राजकारण किंवा विचार पाहून दुसऱ्याला नाकारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली हा कायदा ग्राह्य धरला तो ओमाहातल्या एका ख्रिस्ती क्लबच्या खटल्यात. पुढे २००० साली कॅलिफोर्नियात ऑरेंज इथल्या एल मोडेना हायस्कूलच्या गे-स्ट्रेट अलायन्स या क्लबला बैठका घेऊ द्या, असा आदेश फेडरल कोर्टाने दिला, तोही याच कायद्याच्या आधारावर. शाळेत दिवाळी करू पाहणाऱ्या आपल्या मुलांच्या क्लबलाही हाच आधार आहे.

वर्षाच्या सुरुवातीला ‘क्लब रश’च्या दिवशी दुपारच्या सुट्टीत टेबलं मांडलेली असतात. मुलीला तिथे फिरून यायला सांगा. तिला हवा तो क्लब त्यांत नसेल, तर एक मार्गदर्शक शिक्षक गाठून, नियमावली लिहून आणि पदाधिकारी ठरवून नव्या क्लबचा अर्ज तिला स्वतःच देता येतो.