चालकाच्या आसनाचा सांगाडा (सुरक्षादोष)

मोटारगाडीतील चालकाच्या आसनाखाली व पाठीमागे असलेली पोलादी चौकट म्हणजे आसनाचा सांगाडा होय. ही चौकट तडकणे, वाकणे, तिचा सांधा उखडणे किंवा ती रुळावरून सुटणे यांस वाहनाचा सुरक्षादोष मानले जाते. आसन ही केवळ बसण्याची सोय नाही. अपघाताच्या वेळी ते चालकाला जागेवर धरून ठेवते. त्यामुळे सुरक्षापट्टा व एअरबॅग यांची परिणामकारकता बऱ्याच अंशी आसनाच्या भक्कमपणावर अवलंबून असते.

रचना

आसनाच्या सांगाड्याचे सामान्यतः चार भाग असतात: बैठकीची चौकट, पाठीची चौकट, पाठ मागेपुढे झुकविणारी यंत्रणा (रिक्लायनर) आणि आसन पुढेमागे सरकविणारे रूळ. हे रूळ बोल्टांनी गाडीच्या तळाशी आवळलेले असतात, तर आसन ठरावीक ठिकाणी खटक्याने अडकते. अनेक आधुनिक गाड्यांत सुरक्षापट्ट्याचे बक्कल थेट आसनाच्या चौकटीलाच जोडलेले असते. अशा गाडीत चौकट निकामी झाली की पट्ट्याचा आधारही दुबळा होतो.

बिघाडाची कारणे

एखादी तार पुन्हा पुन्हा वाकवली की ती शेवटी तुटते. धातूच्या या थकव्यामुळेच सांगाड्याच्या जोडाजवळ प्रथम सूक्ष्म तडा पडतो व तो हळूहळू वाढत जातो. चालक चढता-उतरताना आपला भार दरवाज्याकडील कडेवर टाकतो. त्यामुळे त्या बाजूच्या सांध्यावर अधिक ताण येतो. वेल्डिंगमधील उणीव, ढिले झालेले बोल्ट, पावसाळ्यात गाडीत साचणाऱ्या पाण्याने चढणारा गंज, खराब रस्त्यांवरील सततचे हादरे आणि क्षमतेपेक्षा अधिक प्रवासी ही अन्य कारणे आहेत.

लक्षणे

आसन एका बाजूस कलणे, वळणावर किंवा ब्रेक लावताना करकर आवाज येणे, पाठ हलकी डुलणे, खटका पूर्ण न बसणे व आसन आपोआप सरकणे ही प्रमुख लक्षणे होत. कलंडलेल्या आसनाखाली उशी किंवा लाकडी ठोकळा ठेवून अनेकदा वेळ मारून नेली जाते. त्याने बसणे सुसह्य होते, तडा मात्र वाढतच राहतो.

अपघातातील परिणाम

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर ६० किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीस रोखण्यासाठी सरासरी सुमारे ८५० किलोग्रॅम भाराइतके बल लागते. तडकलेली चौकट इतका ताण पेलू शकेलच असे नाही.

मागून धडक बसल्यास चालकाचे शरीर आसनाच्या पाठीवर दाबले जाते. पाठ कोसळली तर चालक मागे फेकला जातो, त्याचे हात सुकाणूवरून व पाय ब्रेकवरून सुटतात आणि मागे बसलेल्या व्यक्तीस, विशेषतः लहान मुलास, गंभीर इजा होऊ शकते. समोरून धडक बसल्यास धोका उलट दिशेने येतो. पट्टा न लावलेला मागील प्रवासी किंवा मागे ठेवलेले जड सामान पुढील आसनावर आदळते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात उद्योजक सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. तो अपघात आसन तुटल्याचा नव्हता. परंतु मागील प्रवाशांनी पट्टे लावले नव्हते, ही बाब त्यानंतर देशभर चर्चेत आली.

मानके व वाहने परत मागविणे

अमेरिकेत आसनांच्या मजबुतीचा नियम १९६८ पासून लागू आहे. त्यानुसार आसनाच्या पाठीने सुमारे ३७३ न्यूटन-मीटर आघूर्ण पेलावे लागते. संयुक्त राष्ट्रांच्या विनियम क्रमांक १७ मध्ये ही मर्यादा ५३० न्यूटन-मीटर आहे. अमेरिकी मर्यादा अपुरी असल्याची टीका दीर्घकाळ होत आली असून, २०२१ च्या एका कायद्याने तेथील वाहतूक खात्यास नियमाचे अद्ययावतीकरण करण्यास सांगितले. भारतात आसने व त्यांची पकड यांसाठी वाहन उद्योग मानके आहेत. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था वाहनांच्या अशा चाचण्या घेते.

एप्रिल २०१४ मध्ये टोयोटा कंपनीने विविध दोषांमुळे जगभरातील सुमारे ६४ लाख वाहने परत मागविली. आसनाच्या रुळातील स्प्रिंग तुटून खटका न बसण्याची शक्यता हा त्यांतील एक दोष होता. जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकीने मागील सुरक्षापट्ट्याच्या आधारपट्टीतील संभाव्य दोषामुळे ग्रँड विटारा प्रकारच्या ११,१७७ गाड्या तपासणीसाठी बोलाविल्या.

भारतातील कायदा

मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ अन्वये मूळ कायद्यात कलम ११०-अ समाविष्ट झाले. त्यानुसार सदोष वाहने परत मागविण्याचा आदेश केंद्र सरकार उत्पादकास देऊ शकते. संबंधित नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले असून ते सात वर्षांपर्यंतच्या वाहनांस लागू आहेत. आदेशासाठी ठरावीक संख्येने तक्रारी नोंदल्या जाणे आवश्यक असल्याने प्रत्येक मालकाची नोंद महत्त्वाची ठरते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सदोष उत्पादनामुळे झालेल्या हानीची भरपाई मागता येते. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही अशी तक्रार करता येते.

हिंगोली जिल्ह्यातील संदर्भ

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झालेल्या हिंगोली जिल्ह्यात हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव व औंढा नागनाथ हे पाच तालुके आहेत. येथील वाहनांचा नोंदणी संकेतांक एमएच-३८ असा आहे. अकोला, वाशीम व नांदेड यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ जिल्ह्यातून जातो. मराठवाड्यातील ग्रामीण भागात जीपगाड्यांतून होणाऱ्या प्रवासी वाहतुकीत चालकाच्या शेजारी दाटीवाटीने प्रवासी बसविले जातात, प्रसंगी चालकालाच आसनाच्या कडेवर सरकावे लागते. नेमक्या याच कडेवर सांगाडा सर्वाधिक झिजतो.

व्यावसायिक वाहनांस पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी मोटारीची नोंदणी मात्र एकदम पंधरा वर्षांसाठी असते. या काळात तिच्या आसनाची तपासणी करण्याची जबाबदारी व्यवहारतः मालकावरच येते.

दुरुस्ती व खबरदारी

तडकलेला सांगाडा गॅरेजमध्ये वेल्डिंग करून जोडणे हा सर्रास वापरला जाणारा उपाय आहे. तथापि उच्च क्षमतेच्या पोलादास उष्णता दिल्यास जोडालगतचा भाग कमकुवत होऊ शकतो. म्हणून उत्पादकाने मान्य केलेला मूळ भाग बसविणे अधिक सुरक्षित असते. आसनात एअरबॅग व पट्ट्याच्या सूचकाच्या तारा असू शकतात. त्यामुळे प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच काम करून घ्यावे. जुनी गाडी विकत घेताना आसन पूर्ण पुढेमागे सरकवून, पाठीवर रेलून व चारही बोल्ट पाहून खात्री करावी. आसनाचा खोळ नवा असला तरी आतील सांगाडा धड आहे, असे त्यावरून सिद्ध होत नाही.