एकाचे शहाणपण, सर्वांचे नुकसान

अर्थशास्त्राच्या पुस्तकात आरंभीच दोन शब्द भेटतात: अंशलक्षी आणि समग्रलक्षी. आमचे कन्नड वर्गमित्र ‘सूक्ष्म’ आणि ‘समग्र’ म्हणतात. मला विचाराल तर त्यांचे शब्द जिभेला सोपे आहेत. नॉर्वेचे अर्थशास्त्रज्ञ रॅग्नार फ्रिश यांच्या १९३३ सालच्या लिखाणापासून ही विभागणी रूढ झाली. व्याख्या लिहून गुण मिळतात, परंतु फरक ध्यानात येतो तो उदाहरणानेच.

बेळगाव तालुक्यातील रताळी घ्या. समजा, एका वर्षी बाजारात १०० पोती आली व पोत्याला १,००० रुपये दर मिळाला. शेतकऱ्यांच्या हाती एक लाख रुपये आले. पुढील वर्षी पाऊस चांगला झाला आणि १२५ पोती आली. आता उपवासाला माणूस रताळी खाऊन खाऊन किती खाणार? स्वस्त झाली म्हणून कोणी जादा एकादशी धरीत नाही! मागणी अशी अलवचिक असली, की वाढलेला माल खपवण्यासाठी दर बराच खाली यावा लागतो. तो ७०० वर आला, तर एकूण ८७,५०० रुपयेच मिळतील. माल पाव हिश्श्याने वाढला आणि उत्पन्न साडेबारा हजारांनी घटले. गावात याचे खापर दलालावर फुटते. दलाल धुतल्या तांदळासारखा असतो असे नव्हे, पण तो नसता तरी दर पडलाच असता. बरे, एकट्याने कमी लागवड करूनही उपयोग नाही. त्याच्या चार पोत्यांनी बाजार हलत नाही. म्हणून जो तो अधिकच पिकवतो.

समग्रलक्षी अर्थशास्त्र एका वस्तूऐवजी साऱ्या देशाचे उत्पन्न, रोजगार व किंमतींची पातळी पाहते. येथे एकाचा खर्च हेच दुसऱ्याचे उत्पन्न असते. २०२० च्या टाळेबंदीत लग्ने लांबली, साड्यांची खरेदी थांबली. वडगाव-शहापूरच्या विणकराने हात आखडला, की किराणा दुकानदाराचा गल्ला आटतो. दुकानदार मग कामावरचा मुलगा कमी करतो. प्रत्येक जण आपापल्या परीने शहाणपणच करीत असतो. तरीही उत्पन्नच घटल्याने सर्वांची मिळून बचत वाढेलच असे नाही. यालाच काटकसरीचा विरोधाभास म्हणतात. त्या वर्षी एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे स्थूल उत्पादन आदल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे २४ टक्क्यांनी घसरले.

लोक खर्च करीनासे झाले, की सरकारने करावा, हा विचार केन्स यांनी १९३६ च्या आपल्या ग्रंथात मांडला. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने ग्रामीण रोजगार हमीसाठी ४०,००० कोटी रुपये जादा जाहीर केले, ते याच वाटेने. मात्र बंद मागावर नुसत्या पैशाने साडी निघत नाही. त्यामुळे अशा खर्चाने मजुराच्या घरची चूल पेटली, तरी उत्पादन पूर्वपदावर यायला माग सुरू होण्याचीच वाट पाहावी लागली.