खिडकीतली मेथी आणि रक्तातले लोह

गेल्या वर्षी एक ताई दवाखान्यात आल्या. जिना चढताना धाप लागे, सारखा थकवा, पापणीची आतली बाजू पांढुरकी. हिमोग्लोबिन निघाले ७.८. मी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या रुग्णाला हाक मारता मारता म्हणालो, "पालेभाज्या भरपूर खा."

तीन महिन्यांनी त्या परत आल्या. आकडा जवळजवळ तेवढाच. गोळ्यांनी पोट साफ होत नाही म्हणून त्यांनी आठ दिवसांतच त्या बंद केल्या होत्या. "पण डॉक्टर, तुम्ही सांगितलंत तशी मेथी घरातच लावली आहे. खिडकीत. रोज जेवणात असते," त्या कौतुकाने म्हणाल्या.

यात त्यांची चूक थोडी आणि माझी जास्त. पालेभाजी काय करू शकते आणि काय नाही, हे मी सांगितलेच नव्हते. ते आज सांगतो.

मेथीच्या १०० ग्रॅम पाल्यात साधारण ५ ते ६ मिलिग्रॅम लोह असते आणि त्यातले थोडेच अंगी लागते. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला मिळणाऱ्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. खिडकीतल्या एका ट्रेमधून निघते ती मूठभर भाजी. तेवढ्याने झालेला रक्तक्षय भरून निघत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. म्हणून हा गैरसमज एका घरापुरता राहत नाही.

मग मेथी लावायची कशाला? कारण रोज सुमारे १०० ग्रॅम पालेभाजी खावी असे आहारतज्ज्ञ सांगतात, आणि आपल्याकडे ती बाजाराच्या दिवशी आणली की दोन दिवसांत संपते. उरलेले दिवस ताट पिवळे-पांढरे. पावसाळ्यात जुडी चिखलाने भरलेली, उन्हाळ्यात महाग. घरचा हिरवा पाला ही खिंड भरून काढतो. त्यात फोलेट मिळते, 'अ' जीवनसत्त्वाचा कच्चा माल मिळतो, आणि ताजा असल्यामुळे 'क' जीवनसत्त्वही.

लावणे अगदी सोपे आहे. तळाला भोके पाडलेला पसरट डबा किंवा ट्रे घ्या. रंगाचा किंवा औषधाचा डबा नको. तीन-चार इंच माती आणि चांगले कुजलेले शेणखत भरा. स्वयंपाकघरातली मेथी रात्रभर भिजवून दाट पसरा, वर मातीचा पातळ थर द्या. बियाण्याच्या दुकानातले रंगीत, औषध लावलेले बी यासाठी वापरू नका. तीन-चार दिवसांत कोंब येतात, दोन-तीन आठवड्यांत कोवळी भाजी मिळते. मुंबईत समुद्रमेथी म्हणून इवल्या जुड्या विकतात, तशीच ही. ती मुळासकट उपटा आणि तिथे पुन्हा पेरा. दर आठवड्याला एक ट्रे पेरलात, तर वर्षभर खंड पडत नाही.

कोथिंबिरीसाठी धणे हलके रगडून दोन फाकी करा. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, धीर धरा. पुदिन्याची काडी पाण्यात ठेवली तरी मुळे फुटतात. खिडकीत चार तास ऊन हवे. नाहीतर रोपे लांबट, फिकट होऊन लोळतात. उन्हाळ्यात दुपारची झळ टाळा, पावसाळ्यात पाणी कमी घाला.

एक गोष्ट मात्र डॉक्टर म्हणून बजावतो. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. आठवड्यातून एकदा बशी घासून कोरडी करा. आणि भाजी घरची असली तरी धुऊनच खा.

खाताना वर लिंबू पिळा, त्याने लोह जास्त शोषले जाते. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा नको, तो लोह अडवतो.

त्या ताईंना मी गोळी जेवणानंतर घ्यायला सांगितली, पाणी वाढवायला सांगितले आणि मुख्य म्हणजे पाळीत रक्तस्राव किती होतो ते विचारले. तो बराच जास्त होता. त्याचेही उपचार केले. मूळव्याध, जंत हीही कारणे असतात, ती शोधावीच लागतात. हिमोग्लोबिन ११.९ झाल्यावर त्यांनी विचारले, "आता गोळ्या बंद?" आणखी तीन महिने घ्या, म्हणालो. शरीरातला साठा भरायला तेवढे दिवस लागतात.

मेथी त्यांनी थांबवलेली नाही. थांबवूही नये. पण घरात कोणी फिकट दिसत असेल, लवकर थकत असेल, तर बी भिजत घालण्याआधी रक्त तपासून घ्या.