पावलांचें संगीत

गणेशविसर्जनाच्या मिरवणुकींतील ढोल-ताशांचें पथक आपण सर्वांनींच ऐकलें असेल. तेथें ताशा ठेका धरतो आणि ढोलवाले त्या कानोशावर हात चालवितात. वादक जवळजवळ असतात, म्हणून हें साधतें. पण शेंदीडशें वादक विस्तीर्ण मैदानावर पांगले म्हणजे कान हाच वैरी होतो, असें म्हटल्यास आपणांस नवल वाटेल.

संचलनाच्या बँडचें मूळ काम शोभा आणण्याचें नव्हे. पलटणीचीं पावलें एका वेळीं पडावीं, हें होय. मिनिटास १२० पावलें ही त्याची रूढ गति. म्हणजे दर अर्ध्या सेकंदास एक ठोका. आतां अमेरिकन फुटबॉलचें मैदान घ्या. दोन्ही गोलरेषांमधील अंतर १०० यार्ड, म्हणजे सुमारें ९१ मीटर. ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. तेव्हां एका टोकाच्या ढोलाचा आवाज दुसऱ्या टोकास पाव सेकंद उशिरा पोंचतो. तेथील कर्णेवाला तो ऐकून वाजवूं लागला, तर त्याचा सूर परत येईपर्यंत आणखी पाव सेकंद जातो. एकूण अर्धा सेकंद, म्हणजे एक सबंध ठोका चुकला! वादक निर्दोष, कान तीक्ष्ण, तरी संगीताचा बोजवारा.

यावर उपाय असा कीं, भिस्त कानांवर न ठेवतां डोळ्यांवर ठेवावयाची. ड्रम मेजरचा हात खालीं येतो, तो सर्वांना एकाच क्षणीं दिसतो; कारण प्रकाशाला एवढें अंतर कांहींच नव्हे. जागाही मोजूनच सांभाळावयाची. मैदानावर दर ५ यार्डांस पांढरी रेघ असते आणि तेवढ्यांत बहुधा ८ पावलें बसवितात.

या शिस्तीच्या बळावर कोलंबस येथील ओहायो स्टेट विद्यापीठाच्या बँडनें १९३६ सालीं चालत्या रांगेनें ‘ओहायो’ हें नांव रोमन लिपीच्या वळणदार अक्षरांत मैदानावर लिहून दाखविलें. ती प्रथा आजही चालू आहे. त्यांतील ‘आय’ या अक्षरावर टिंब देण्याचा मान सूसाफोन वाजविणाराचा. हें अवजड वाद्य अंगाभोवतीं वेढून खांद्यावर पेलतात; जॉन फिलिप सूसा (१८५४–१९३२) या कूचगीतांच्या विख्यात रचनाकाराचें नांव त्याला मिळालें आहे. उंच आसनांवरील प्रेक्षकांना तें नांव स्पष्ट वाचतां येतें. लिहिणाऱ्या वादकाला मात्र तें दिसत नाहीं. त्याला दिसते ती पुढच्याची पाठ.

पुढल्या वेळीं एखादें संचलन पाहाल, तेव्हां शेवटच्या रांगेचीं पावलें अवश्य पाहा. तीं पहिल्या रांगेबरोबर पडत असतील, तर स्वतःच्या कानीं आलेला ठोका बाजूस सारून सर्वांच्या ठोक्याशीं इमान राखण्याची विद्या त्या शेवटच्या माणसास साधली आहे, असें समजावें.