कॅनरी बेटांवरून नागपूरचे काम

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांपर्यंत चढतो, तेव्हा स्पेनच्या कॅनरी बेटांवरील लास पाल्मास शहरात दुपारी 23-24 अंश तापमान असते. अटलांटिकमधला थंड सागरी प्रवाह आणि ईशान्येचे व्यापारी वारे ही बेटे बारमाही सुखद ठेवतात. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातल्या आयटी कर्मचाऱ्याला तिथून काम करावेसे वाटणे स्वाभाविक आहे.

पण पर्यटक व्हिसा कामासाठी नसतो. त्यावर 180 दिवसांत फार तर 90 दिवस राहता येते. स्पेनने 2022 मध्ये कायदा करून 'डिजिटल नोमॅड' व्हिसा आणला. त्यासाठी पदवी किंवा तीन वर्षांचा अनुभव, कंपनीशी किमान तीन महिन्यांचे नाते आणि स्पेनच्या किमान वेतनाच्या दुप्पट उत्पन्न लागते. पोलीस पडताळणीचा दाखलाही लागतो; तो नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाकडून मिळतो. त्यावर आणि पदवीच्या प्रमाणपत्रावर अपोस्टील (परदेशात ग्राह्य ठरणारे प्रमाणीकरण) शिक्का हवा, शिवाय स्पॅनिश भाषांतरही.

घड्याळाचाही विचार करा. नागपुरात सकाळी दहाची मीटिंग सुरू होते, तेव्हा लास पाल्मासला हिवाळ्यात पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. मात्र नागपूरचे ऑफिस सुटते, तेव्हा तिथे नुकतीच दुपार झालेली असते आणि उरलेला दिवस समुद्रकिनारी घालवता येतो.

वर्षात 183 दिवसांहून अधिक राहिल्यास स्पेनचा कर लागू होतो. म्हणून कंपनीची लेखी परवानगी आणि करसल्ला आधी घ्या, तिकीट नंतर काढा.